हेडमास्तरांस पत्र आणि लिंकन: भिंतीवर नाव कोणाचं लिहायचं?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. आमच्या शाळेच्या जिन्यात, पहिला मजला चढताना समोरच, 'अब्राहम लिंकन यांचे हेडमास्तरांस पत्र' रंगवलेलं आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या शाळेत ते असणार. कुठे जिन्यात, कुठे हेडसरांच्या खोलीबाहेर, कुठे काचेच्या फ्रेममध्ये. अनुवाद वसंत बापटांचा. मी ते सातवीत पाठ केलं होतं, आणि डीएडच्या निरोपसमारंभात म्हणूनही दाखवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेला रंग काढायचाय. पेंटरनं विचारलं, "बाई, हे आहे तस्संच परत लिहायचं ना?" मी हो म्हणणारच होते. पण त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, लिंकननं हे कुठल्या साली लिहिलं? आणि कुठल्या मुलासाठी?" मी म्हटलं उद्या सांगते. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले.

लिंकनचं सगळं उपलब्ध लेखन रॉय बास्लर यांनी संपादित करून १९५३ साली आठ खंडांत काढलं. मिशिगन विद्यापीठानं ते इंटरनेटवर खुलं ठेवलंय. मी रात्री जागून त्यात शोधलं. पोस्टमास्तर असतानाच्या चिठ्ठ्या आहेत, अशिलांना लिहिलेली पत्रं आहेत, सेनापतींना पाठवलेल्या तारा आहेत. हे पत्र नाही. तारीख नाही, हेडमास्तरांचं नाव नाही, शाळेचं नाव नाही.

दोन प्रश्न आहेत. एक, हे पत्र लिंकनचं आहे याला कुठे काही आधार आहे का? दोन, नसेल तर मी भिंतीवर काय लिहू?

---

सांगामन

नाही. आधार नाही.

मी नोकरीनिमित्त इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डला सहा वर्षं होतो. लिंकनचं घर तिथे आठव्या आणि जॅक्सन रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, राष्ट्रीय उद्यान खात्यानं छान जपलंय. पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं हे माझं ठरलेलं काम. मराठी पाहुणा आला की हमखास विचारायचा, "ते पत्र कुठे ठेवलंय?" तिथल्या मार्गदर्शकांना असल्या पत्राचा पत्ताच नसायचा.

तुमच्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न जास्त नेमका आहे. कुठल्या मुलासाठी? लिंकनला चार मुलगे. थोरला रॉबर्ट, जन्म १८४३. दुसरा एडी, चार वर्षांचा होण्याआधीच १८५० मध्ये गेला. तिसरा विली, अकराव्या वर्षी व्हाइट हाउसमध्येच तापानं गेला, फेब्रुवारी १८६२. धाकटा टॅड, जन्म १८५३. रॉबर्ट शाळेत जाऊ लागला तेव्हा लिंकन वर्षातले कित्येक महिने कोर्टांच्या फिरतीवर असायचा. व्हाइट हाउसमध्ये विली आणि टॅड यांना शिकवायला शिक्षक घरी यायचे. 'मुलगा आज पहिल्यांदा शाळेत निघालाय' हा प्रसंग अध्यक्ष लिंकनच्या आयुष्यात बसवायचा कुठे?

टॅडबद्दल थोडं सांगतो, कारण ते वाचून मला लिंकन जास्त आवडायला लागला. हे पोरगं शिक्षकांपुढे बसायचंच नाही. बोलण्यात दोष होता, बाहेरच्यांना त्याचं बोलणं कळायचं नाही. बकऱ्यांना खुर्ची जुंपून तो व्हाइट हाउसच्या मोठ्या दालनातून पळवायचा. वडील गेले तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला धड वाचता येत नव्हतं. लिंकननं कधी सक्ती केली नाही. त्याआधी वकिलीच्या काळातही रविवारी मुलांना ऑफिसात आणायचा. मुलं पुस्तकं खाली ओढायची, शाई सांडायची, आणि भागीदार हर्नडन मनातल्या मनात चरफडत बसायचा. असा बाप हेडमास्तरांना सद्गुणांची यादी पाठवेल हे मला पटत नाही.

---

जुनी_वही

नका हो असं सांगू. चाळीस वर्षं हे पत्र माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे.

---

मास्तरांचा_मुलगा

खडूफळाताई, तुमच्या शोधाबद्दल आदर आहे, पण माझं मत वेगळं आहे. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. बदली झाली की सामानात एक ट्रंक, एक कंदील आणि हे पत्र. पगार हातात पडायला कधी दोन-दोन महिने लागायचे, पण शिकवणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. कोणी आग्रह केला की भिंतीकडे बोट दाखवायचे.

त्यांच्यावर लिंकनचा प्रभाव पडला नाही, त्या शब्दांचा पडला. आणि ते शब्द मराठीत बापटांचे आहेत. इंग्रजीत कमावलेल्या डॉलरचा हिशेब आहे, बापटांनी त्याचा 'छदाम' केला. हा अनुवाद नाही, हे स्वतंत्र काव्य आहे. मग खाली लिंकन असो नाहीतर आणखी कोणी. ओवी कोणी रचली हे माहीत नसतं म्हणून आपण जात्यावर ती म्हणायची थांबवतो का?

---

तर्कनिष्ठ

मास्तरांचा_मुलगा, ओवीखाली कोणी खोटं नाव लिहीत नाही. फरक तिथेच आहे.

अमेरिकेत हे एकदा होऊन गेलंय. जॉर्ज वॉशिंग्टननं कुऱ्हाडीनं चेरीचं झाड तोडलं आणि बाबांना खरं सांगितलं, ही गोष्ट आपणही लहानपणी ऐकली. ती गोष्ट मेसन वीम्स नावाच्या पाद्री आणि पुस्तकविक्रेत्यानं आणली. त्यानं वॉशिंग्टन वारल्यानंतर लगेच, १८०० साली, चरित्र काढलं. पहिल्या आवृत्तीत झाड नव्हतं. ते १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत उगवलं. म्हणजे 'मी खोटं बोलू शकत नाही' हे वाक्यच खोटं, आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या मुलांना खरं बोलायला शिकवलं गेलं.

वॉशिंग्टनचे दात लाकडी होते असंही सांगतात. तेही नाही. १७८९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता हे खरं. पण कवळ्या होत्या पाणघोड्याच्या दाताच्या, धातूच्या आणि माणसांच्या दातांच्या. त्याच्या जमाखर्चात गुलामांकडून दात विकत घेतल्याची नोंद आहे. लाकडी दातांची गोष्ट सांगितली की ही नोंद झाकली जाते. खोटी गोष्ट निरुपद्रवी असते असं म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

---

तालमीतला

पत्राचं मला माहीत नाही, पण लिंकन पैलवान होता हे पक्कं आहे! सहा फूट चार इंच उंची, लांब हात. १८३१ मध्ये न्यू सेलम गावात दुकानात कामाला लागला तेव्हा शेजारच्या वस्तीतल्या दांडगट पोरांच्या म्होरक्यानं, जॅक आर्मस्ट्राँगनं, त्याला आव्हान दिलं. सगळा गाव जमला. कुस्ती झाली. चितपट कोणी केलं यावर साक्षीदारांत एकमत नाही, पण दोघं जन्माचे दोस्त झाले. अमेरिकेतल्या कुस्तीच्या मानकऱ्यांच्या राष्ट्रीय यादीत लिंकनचं नाव आहे.

आमच्या तालमीत मारुतीशेजारी शाहू महाराजांचा फोटो आहे. वस्ताद परवानगी देतील तर लिंकनचाही लावू.

---

सांगामन

तालमीतला, न्यू सेलम स्प्रिंगफील्डपासून तासाभराच्या आत आहे. जुनी लाकडी घरं पुन्हा उभारली आहेत. खाली सांगामन नदी वाहते, माझं इथलं नाव तिचंच. तिकडे जाणार असाल तर कुस्तीची जागा कुठली ते सांगतो.

---

काळा_डगला

या कुस्तीचा पुढचा भाग आम्हा वकिलांचा आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जॅक आर्मस्ट्राँग पुढे वारला. त्याचा मुलगा, सगळे त्याला डफ म्हणायचे, खुनाच्या आरोपात अडकला. ऑगस्ट १८५७ मध्ये रात्री मारामारी झाली होती, मेट्झकर नावाचा माणूस मेला होता. विधवा हॅना आर्मस्ट्राँग लिंकनकडे आली. तरुणपणी याच बाईनं त्याला घरात जेवू घातलं होतं. लिंकननं केस घेतली, एक पैसा घेतला नाही. मे १८५८ मध्ये बिअर्डस्टाउनच्या कोर्टात मुख्य साक्षीदार छातीठोक सांगत होता, रात्री अकराच्या सुमाराला लांबून पाहिलं, चंद्र डोक्यावर होता, लख्ख दिसलं. लिंकननं त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग पंचांग काढलं. त्या रात्री त्या वेळी चंद्र मावळतीला, क्षितिजाजवळ टेकला होता. आरोपी सुटला.

लिंकननं पंचांगात खाडाखोड केली होती अशी कुजबूज नंतर कितीतरी वर्षं चालली. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी गणित करून पाहिलं, चंद्र खरोखरच मावळतीला होता. खडूफळाताई, तुमच्या नववीला ही केस सांगा. पुरावा मागणारी मुलगी आहे, तिला आवडेल.

---

चिमणराव_पुणे

अध्यक्षांच्या गोष्टी निघाल्यात तर लिंकन-केनेडी योगायोग राहिलेच की. एक निवडून आला १८६० ला, दुसरा १९६० ला. दोघांनंतर आलेले अध्यक्ष जॉन्सन. लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी, केनेडीच्या सेक्रेटरीचं लिंकन. आमच्या फॅमिली ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येतं.

---

तर्कनिष्ठ

चिमणराव, निम्मं खरं, निम्मं नाही. निवडणुकीची सालं खरी. अँड्र्यू जॉन्सनचा जन्म १८०८, लिंडन जॉन्सनचा १९०८, हेही खरं. दोघांना शुक्रवारीच गोळी लागली, बायको शेजारी असताना. केनेडीच्या सेक्रेटरी एव्हलिन लिंकन होत्या, हेही खरं. पण लिंकनचा केनेडी नावाचा सेक्रेटरी नव्हता. त्याचे सेक्रेटरी जॉन निकोले आणि जॉन हे (Hay). कोणीतरी गोष्ट गोल करायला तो केनेडी घातला.

खरे योगायोग कमी पडले म्हणून नाही हं. थोरला मुलगा रॉबर्टच घ्या. तो वडिलांच्या मृत्युशय्येपाशी होता. १८८१ मध्ये अध्यक्ष गारफील्डला स्टेशनात गोळी लागली तेव्हा तिथेच होता. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्लीला बफेलोत गोळी घातली तेव्हा तो त्याच गावी पोचत होता. आणि त्याआधी, वडील हयात असताना, जर्सी सिटीच्या फलाटावरून तो गाडीखाली जाणार तोच एका माणसानं कॉलर धरून वर ओढलं. तो माणूस होता नट एडविन बूथ, म्हणजे लिंकनच्या मारेकऱ्याचा सख्खा भाऊ.

---

चिमणराव_पुणे

हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला. फॅमिली ग्रुपवर टाकतो, या वेळी तपासून.

---

कन्नमवारनगर

अमेरिकेच्या अध्यक्षांचा विषय आणि विक्रोळीचं नाव नाही, असं कसं चालेल?

जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरमधून स्वयंसेवक म्हणून भारतात आल्या आणि विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत राहिल्या. पेशानं नर्स. आधी कुटुंबनियोजनाचं काम दिलं होतं, मग दवाखान्यात काम केलं. महारोग्यांची सेवाही केली. जवळपास दोन वर्षं होत्या. तेव्हा मुलगा जॉर्जिया राज्यातला एक राजकारणी, त्याला इथे कोण ओळखणार! घरी पाठवलेली त्यांची पत्रं पुढे पुस्तकरूपात आली, आणि ती पत्रं अस्सल आहेत. १९७७ च्या जानेवारीत मुलगा अध्यक्ष झाला. पुढच्याच महिन्यात राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यसंस्काराला अमेरिकेच्या वतीनं त्याच आल्या आणि विक्रोळीलाही येऊन गेल्या.

आमच्या इमारतीतली मोठी माणसं बोलायची, "अमेरिकेच्या अध्यक्षाची आई इथल्या रांगेत सुया टोचत होती." लहानपणी मला ती थाप वाटायची. मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, ती खरी होती. म्हणजे आमच्याकडे उलटंच झालं, खरी गोष्ट खोटी वाटली.

---

रानजाई

कन्नमवारनगर, फार छान लिहिलंत. जिन्यातल्या भिंतीवर हीच गोष्ट का नको?

---

नारळीपौर्णिमा

२०१० मध्ये ओबामा मुंबईत आले तेव्हा मणिभवनाजवळच्या झाडांवरचे नारळ आधी उतरवून घेतले होते, डोक्यात पडू नयेत म्हणून. कोकणातल्या माणसाला हा निर्णय लगेच पटला.

---

चिंगी

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, टेडी घेतल्याशिवाय झोपत नाही. टेडी म्हणजे अध्यक्ष रूझवेल्ट ना? कोणी सांगेल का नीट, त्याला सांगायचंय.

---

तर्कनिष्ठ

चिंगी, थिओडोर रूझवेल्ट. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी राज्यात अस्वलाची शिकार. बरोबरच्यांना अस्वलं मिळाली, अध्यक्षांना मिळेना. वाटाड्या होल्ट कॉलियर, जन्मानं गुलाम असलेला निष्णात शिकारी. त्यानं कुत्र्यांनी दमवलेलं अस्वल दोरानं झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना बोलावलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनं नकार दिला. क्लिफर्ड बेरीमननं वॉशिंग्टन पोस्टमध्ये त्यावर व्यंगचित्र काढलं. ते पाहून ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम आणि त्याच्या बायकोनं कापडी अस्वल शिवलं, दुकानाच्या काचेत 'टेडीज बेअर' म्हणून ठेवलं. रूझवेल्टला स्वतःला टेडी म्हटलेलं आवडायचं नाही.

मुलाला इथपर्यंतच सांगा. जखमी अस्वलाला वेदनेतून सोडवा असं रूझवेल्टनं सांगितलं आणि त्याला सुरीनं मारण्यात आलं, हे तो मोठा झाला की.

---

चिंगी

धन्यवाद. इथपर्यंतच सांगितलं. त्यानं विचारलं, "मग दोर सोडला का?" मी गप्प बसले. आता मला खडूफळाताईंची अडचण नीट समजतेय.

---

पडद्यामागे

चित्रपटातही हे होतं. स्पीलबर्गच्या २०१२ च्या 'लिंकन'मध्ये गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचं मतदान दाखवलंय. दिवस ३१ जानेवारी १८६५, मतं ११९ विरुद्ध ५६. मी तो प्रसंग थिएटरात मुठी आवळून पाहिला होता. पण त्यात कनेक्टिकटचे दोन सदस्य विरोधात मत देताना दिसतात. प्रत्यक्षात त्या राज्याच्या चारही सदस्यांनी बाजूनं मत दिलं होतं. दीडशे वर्षांनी त्या राज्याच्या खासदारानं जाहीर तक्रार केली, आणि पटकथाकारानं बदल मुद्दाम केल्याचं मान्य केलं. मला ती तक्रार योग्यच वाटते. ज्यांनी बरोबर मत दिलं त्यांच्या नातवंडांनी पडद्यावर उलटं का पाहावं?

आवाजाच्या बाबतीत मात्र चित्रपट प्रामाणिक आहे. आपल्या कल्पनेतला लिंकन धीरगंभीर आवाजात बोलतो. त्याला ऐकलेल्यांनी मात्र आवाज बारीक, उंच पट्टीतला होता असं लिहून ठेवलंय.

---

रानजाई

मंडळी, धागा अस्वलामागे रानात गेलाय. परत जिन्यात येऊ या.

मला वाटतं, लिंकनचा काळ आणि महाराष्ट्रातली शाळा यांच्यात एक खरा, छापील दुवा आहे आणि तो आपण विसरतोय. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं. अर्पणपत्रिका कोणाला आहे? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना गुलामीतून मुक्त करण्यासाठी जो त्याग केला त्याच्या आदरार्थ. लिंकन जाऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यातला एक माणूस तिकडची लढाई बघत होता आणि आपल्या शूद्र बांधवांसाठी तिचा अर्थ लावत होता. सातारा तर फुल्यांचं मूळ गाव कटगुण असलेला जिल्हा. ताई, तुमच्या भिंतीवर याचा हक्क सगळ्यात मोठा आहे.

---

खडूफळा

रानजाई, कटगुण आमच्यापासून लांब नाही. दरवर्षी इतिहास शिकवते, अर्पणपत्रिका सांगते, पण ती आणि हे पत्र यांची सांगड कधी घातली नव्हती. मनापासून आभार.

---

मास्तरांचा_मुलगा

फुल्यांची अर्पणपत्रिका लिहाच, माझा पूर्ण पाठिंबा. पण एक शंका. खरा लिंकन भिंतीवर लावायला तितका सोपा आहे का? मी काल बास्लरचे खंड उघडले. यादवी युद्ध चालू असताना, ऑगस्ट १८६२ मध्ये, संपादक होरेस ग्रीलीला लिहिलेलं पत्र वाचलं. त्यात तो लिहितो की संघराज्य वाचवणं हा माझा हेतू आहे, एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर मी तसं करेन. मला रात्री झोप लागली नाही. वडील ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो हाच का?

---

काळा_डगला

दादा, त्या पत्राची तारीख २२ ऑगस्ट. त्याच्या बरोबर एक महिना आधी, २२ जुलैला, लिंकननं मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा मंत्रिमंडळापुढे वाचला होता. ग्रीलीला लिहिताना तो कागद खणात तयार होता, रणांगणावर एखादा विजय मिळण्याची तो वाट पाहत होता. सीमेवरची गुलामगिरीवाली राज्यं हातची जाऊ नयेत म्हणून लोकांची मनं आधी तयार करत होता. त्याच पत्राच्या शेवटी, सगळी माणसं सगळीकडे स्वतंत्र असावीत ही माझी वैयक्तिक इच्छा कायम आहे, असंही आहे. पूर्ण वाचा. हा माणूस वकील होता, प्रत्येक वाक्य तोलून टाकायचा. सोपा नाही हे खरं. पण वडिलांनी बोट चुकीच्या माणसाकडे दाखवलं असं मला वाटत नाही.

---

सांगामन

मास्तरांचा_मुलगा, तुमच्यासाठी आणि ताईंच्या नववीसाठी एक पत्र देतो. हे लिंकनचंच आहे, बास्लरच्या चौथ्या खंडात आहे, तारीख २२ जुलै १८६०.

पार्श्वभूमी अशी. रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत सपशेल नापास झाला, सोळापैकी पंधरा विषयांत. मग एक्सेटरला एका शाळेत वर्षभर तयारीसाठी राहिला. बरोबर स्प्रिंगफील्डचा मित्र होता, जॉर्ज लेथम. वर्षानं दोघांनी परीक्षा दिली. रॉबर्ट पास झाला, जॉर्ज नापास. लिंकन तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार होता, घरापुढे रोज माणसांची रीघ. त्यातून वेळ काढून त्यानं मुलाच्या नापास मित्राला पत्र लिहिलं. मी जमेल तसं मराठीत करतो:

"प्रिय जॉर्ज, हार्वर्डमध्ये तुला प्रवेश मिळाला नाही, हे काल बॉबच्या (म्हणजे रॉबर्टच्या) पत्रातून कळलं. आयुष्यात याहून जास्त दुःख मला क्वचितच झालं असेल. आणि तरीही, निराशेला तू मनाचा ताबा घेऊ दिला नाहीस, तर यात फार काही बिघडलेलं नाही. तू हार्वर्डमध्ये जाऊ शकतोस आणि पदवी घेऊ शकतोस हे अगदी नक्की. आणि एकदा प्रयत्नाला लागला आहेस, तर तू यशस्वी झालं पाहिजेस. 'पाहिजे' हाच तो शब्द. तुला मदत कशी करावी मला कळत नाही. वयानं मोठ्या आणि खूप सोसलेल्या माणसाचा एवढाच भरवसा देतो, की हरायचं नाही असं तू मनाशी पक्कं ठरवलंस तर तू हरू शकत नाहीस."

पुढे तो सांगतो, की संस्थेचे अध्यक्ष दयाळूच असणार, त्यांना जाऊन भेट, अडचणीवरचा जवळचा मार्ग ते दाखवतील. आणि मग मला सर्वांत आवडणारं वाक्य: "आज तू नापास झालास यावरून, सहज प्रवेश मिळालेल्या कित्येकांपेक्षा तू पुढे जास्त चांगला विद्यार्थी आणि आयुष्याच्या लढाईत जास्त यशस्वी माणूस होणार नाहीस, असं काही सिद्ध होत नाही."

लक्षात घ्या, हे ज्यानं लिहिलं त्याची स्वतःची सगळी शाळा मिळून एक वर्षही भरत नाही.

---

जुनी_वही

कपाटाचं दार उघडून बसले आहे. जुनं काढणार नाही. त्याच्या खाली हे लावते.

---

मास्तरांचा_मुलगा

सांगामन, हे पत्र वडिलांना वाचून दाखवायला हवं होतं. त्यांनी नापास मुलांना घरी बोलावून फुकट शिकवलं. त्यांच्या हातात हे अस्सल पत्र पडलं असतं तर त्यांनी तेच भिंतीवर लावलं असतं, याबद्दल मला आता शंका नाही. माझं वरचं मत मी मागे घेतो. बापटांच्या कवितेबद्दलचं मात्र नाही.

---

खडूफळा

मंडळी, काल शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापक आधी नाराज होते, "इतकी वर्षं चाललंय, आता काय बिघडलं?" मी त्यांना लेथमचं पत्र वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि मग म्हणाले, दहावीच्या वर्गाच्या दारासमोर लिहा.

ठरलेलं असं. जिन्यातलं पत्र राहील. वरचं 'अब्राहम लिंकन यांचे' जाईल, खाली येईल: 'मराठी अनुवाद: वसंत बापट. मूळ इंग्रजी मजकूर लिंकनच्या नावाने प्रसिद्ध, लेखक अज्ञात.' वळणावर फुल्यांची अर्पणपत्रिका, सालासकट. आणि दहावीच्या दारासमोर लेथमचं पत्र, तारखेसकट.

नववीतल्या त्या मुलीला बोलावून सांगितलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पुढचा प्रश्न टाकला, "बाई, मग तो जॉर्ज पास झाला का?"

सांगामन, सांगाल का?

आणि एक अडलंय. 'पाहिजे हाच तो शब्द' हे मुलांना थोडं कोरडं वाटतं. काही सुचतं का?

---

सांगामन

हार्वर्डमध्ये जॉर्जला जाता आलं नाही. येलमध्ये गेला. तिला हेच सांगा, पूर्ण.

---

रानजाई

इंग्रजी शब्दाला वेगळा शब्द कशाला शोधायचा? आपल्याकडे 'च' आहे. "तू यशस्वी होशीलच. हा 'च' महत्त्वाचा."

---

काळा_डगला

'होशीलच' म्हटलं की भविष्य सांगितल्यासारखं होतं. तो आज्ञा करतोय. "झालंच पाहिजे."

---

तालमीतला

वस्ताद म्हणतात, "उठायचंच."

---

खडूफळा

"यशस्वी व्हायचंच. हा 'च' विसरू नकोस." पेंटरला हे दिलं. त्यानं फूटपट्टीनं भिंत मोजून सांगितलं, ओळ बसते.